पंधरा तुकड्यांतली सहा मुले

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रेग अराकी या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘टोटली फ*ड अप’ हा 1993 सालचा स्वतंत्र चित्रपट पाहिला. त्यात लॉस एंजेलिसमधली सहा समलिंगी मुलेमुली आहेत, घरापासून आणि जगापासून तुटलेली. पण कथा पुढे सरकत नाही, मधूनमधून घरगुती व्हिडिओचे तुकडे येतात आणि अखेरीस त्यांच्यातला एक जण जीव देतो. हे संकलन कच्चे आहे की मुद्दाम असे ठेवले आहे? आणि समलिंगी पात्राला शेवटी मारून टाकण्याची जुनी रीत इथेही पाळलेली नाही का?

मी तीस वर्षांहून अधिक काळ चित्रपट-संकलन करतो आहे आणि स्टीनबेक या फिल्म-संकलनाच्या टेबलावर सोळा मिलिमीटरची फिल्म कापून, टेपने जोडून हे काम शिकलो. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या अंगाने देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र केवळ संकलक म्हणून बोलणे मला जमणार नाही, कारण हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी चित्रपटाची बांधणी पाहू. तो सुमारे 80 मिनिटांचा आहे. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन ही चारही कामे अराकी यांनी स्वतः केली. चित्रपट पंधरा तुकड्यांत विभागलेला आहे आणि दृश्यांच्या मधे पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येतात. अँडी, टॉमी, स्टीव्हन आणि डेरिक हे चार मुलगे, मिशेल आणि पॅट्रिशिया या दोन मुली. स्टीव्हन आणि डेरिक ही जोडी आहे, मिशेल आणि पॅट्रिशिया ही दुसरी. टॉमी आणि अँडी एकेकटे. स्टीव्हनला चित्रपट करायचा आहे, म्हणून तो हातात व्हिडिओ कॅमेरा घेऊन मित्रांच्या मुलाखती घेत फिरतो. चित्रपटात जे व्हिडिओचे तुकडे दिसतात ते त्याने घेतलेले आहेत. ही एवढी साधी गोष्ट ध्यानात राहिली, तर विस्कळीत वाटणारे बरेच काही जागच्या जागी बसते.

आता कच्चेपणाचा प्रश्न. या चित्रपटात दोन प्रकारची दृश्ये आहेत. सोळा मिलिमीटरवर घेतलेल्या दृश्यांत कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला असतो. मुले चौकटीत येतात, बोलतात, सिगारेट ओढतात, निघून जातात. संवादाच्या दृश्यात ज्याला आपण ‘हा बोलला, तो बोलला’ म्हणतो तसे आलटूनपालटून कापलेले शॉट फार कमी आहेत. याचे पहिले कारण पैसा. सोळा मिलिमीटरचे चारशे फुटांचे रीळ सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने अकरा मिनिटांत संपते. फिल्म विकत घ्यायची, प्रयोगशाळेत धुवायची, प्रत काढायची, या प्रत्येक पायरीवर पैसे पडतात. त्यामुळे एकच दृश्य चार बाजूंनी पुन्हा पुन्हा घेण्याची चैन अशा चित्रपटाला परवडत नाही. अराकी यांचा 1987 सालचा पहिला चित्रपट अवघ्या पाच हजार डॉलरमध्ये झाला होता आणि ज्या चित्रपटाने त्यांचे नाव झाले तो 1992 सालचा ‘द लिव्हिंग एंड’सुद्धा वीस हजारांच्या आसपासच. रस्त्यावर परवानगी न घेता, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांनिशी चित्रीकरण करायचे, ही त्यांची तेव्हाची पद्धत होती.

परंतु गरजेपोटी स्वीकारलेली गोष्ट चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती आली की ती त्याची भाषा होते, आणि इथे तसे झालेले आहे. खिळलेला कॅमेरा या मुलांकडे शहर जसे पाहील तसे पाहतो. रिकामे वाहनतळ, रात्रीचे दिवे, जाहिरातींचे फलक आणि त्या फलकांखाली बारीक दिसणारी मुले. मोठी माणसे जवळजवळ नाहीतच. आईबापांचा उल्लेख होतो, त्यांच्यामुळे काय झाले ते कळते, पण ते चौकटीत येत नाहीत. टॉमी समलिंगी असल्याचे कळल्यावर त्याला घराबाहेर काढले जाते, तेव्हाही त्या घराची बाजू ऐकून घेण्यात चित्रपटाला रस नाही. ज्या मुलांना मोठ्यांनी आपल्या चौकटीबाहेर ठेवले, त्यांच्या चित्रपटात मोठ्यांना जागा नाही.

व्हिडिओच्या तुकड्यांचे गणित याच्या उलट आहे. टेप स्वस्त असते, पुसून पुन्हा वापरता येते, ‘चालू’ म्हटल्यावर पैसे जळत नाहीत. म्हणून टेपसमोर माणूस अडखळू शकतो, गप्प बसू शकतो, बोललेले मागे घेऊ शकतो. प्रतिमा भुरकट आहे, रंग सांडल्यासारखे आहेत, चेहरा कधी फार जवळ येतो. एक प्रयोग करून पाहावा: चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना हातात कागद घ्यावा, डाव्या बाजूला मुले फिल्मवर काय बोलतात ते लिहावे आणि उजव्या बाजूला व्हिडिओवर काय बोलतात ते. डावीकडे टोमणे, शिव्या, फुशारक्या, कंटाळा, म्हणजे घोळक्यात असताना कोणताही सतरा-अठरा वर्षांचा मुलगा जे बोलतो ते. उजवीकडे प्रेम, शरीर, एड्स, भीती, एकटेपण. अँडी आपल्याला प्रेमाबिमावर विश्वास नाही असे सांगतो तो याच कॅमेऱ्याला. डेरिकशी केलेल्या प्रतारणेची कबुली स्टीव्हन देतो, तीही या कॅमेऱ्याला. जे शेजारी बसलेल्या माणसाला सांगवत नाही, ते यंत्राला सांगितले जाते.

माझ्या मते या चित्रपटाचे मर्म इथे आहे. या मुलांना ऐकणारा एकच श्रोता मिळाला आहे, आणि तो म्हणजे मित्राच्या हातातला कॅमेरा. कॅमेरा सगळे ऐकतो, पण उत्तर देत नाही. स्टीव्हन टेपा जमवत राहतो, आणि त्या टेपांवर अँडी काय म्हणाला होता याचा अर्थ कोणाला लागायच्या आत वेळ निघून गेलेली असते. प्रत्येक संकलकाला हा अनुभव ओळखीचा आहे. महिनाभरापूर्वी चित्रित झालेली मुलाखत आपण टेबलावर पाहतो आणि समोरच्या माणसाचा एक उसासा ऐकून थबकतो, की तेव्हा तिथे असलेल्या कोणाला हे ऐकू कसे आले नाही. या चित्रपटातले तुकडे कथेच्या धाग्यात ओवले असते, कारण आणि परिणाम यांची साखळी जुळवली असती, तर प्रेक्षकाला आधीच सारे कळले असते. आपल्याला अँडीच्या मित्रांइतकेच कळावे, अधिक नाही, यासाठी ही विस्कळीत मांडणी आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर: संकलन कच्चे नाही. काही जागी ते सैल आहे, विशेषतः मधल्या भागातल्या एकसारख्या वाटणाऱ्या गप्पांत, आणि अभिनय सगळ्यांचा सारखा नाही. पण बांधणी विचारपूर्वक केलेली आहे.

पंधरा या आकड्यामागे एक पूर्वज आहे. फ्रेंच दिग्दर्शक ज्यां-ल्युक गोदार यांचा 1966 सालचा ‘मास्क्युलँ फेमिनँ’ हा पॅरिसच्या तरुणांवरचा चित्रपटही पंधरा भागांचा आहे. त्यातही मुलाखती आहेत, पाट्या आहेत, प्रेमाविषयी आणि राजकारणाविषयी न संपणारी चर्चा आहे, आणि अखेरीस त्याचा तरुण नायक पॉल मरतो. गोदार तो मृत्यू दाखवत नाहीत. पोलीस ठाण्यात दोन मुली जबाब देतात, त्यातून पॉल इमारतीवरून पडल्याचे कळते. तो अपघात होता की आणखी काही, हे प्रेक्षकाने ठरवायचे. अराकी यांनी साचा उचलला, पण या एका ठिकाणी तो मोडला. अँडीचा मृत्यू पडद्यावर घडतो, मोघम ठेवला जात नाही. 1966 मध्ये पॅरिसच्या एका तरुणाच्या मृत्यूबद्दल संदिग्ध राहणे हा कलात्मक निर्णय असू शकत होता. समलिंगी मुलांच्या आत्महत्यांना घरोघर ‘अपघात’ म्हटले जात असताना तीच संदिग्धता खोटी ठरली असती. चित्रपटाची सुरुवातच किशोरवयीन समलिंगींच्या आत्महत्येविषयीच्या वृत्तपत्रातील कात्रणाने होते, म्हणजे दिग्दर्शकाने पत्ते पहिल्या मिनिटालाच उघडे टाकले आहेत.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो रास्त आहे. समलिंगी पात्र म्हणजे एकतर विनोदाचे किंवा शेवटी मरणारे, ही रीत अमेरिकेच्या पडद्यावर अनेक दशके चालली. तिथे मृत्यू हा हिशेब चुकता करण्यासारखा येत असे: पात्राने समाजाची घडी मोडली, त्याला शासन झाले, घडी पुन्हा बसली, प्रेक्षक समाधानाने घरी गेला. अँडीच्या मृत्यूने कोणतीही घडी बसत नाही. त्याच्यावर कोणी नैतिक निवाडा दिलेला नाही. त्याला इयन नावाचा कॉलेजातला मुलगा भेटतो, प्रेमावर विश्वास नसल्याचे सांगणारा अँडी त्याच्या प्रेमात पडतो, आणि इयन त्याला फसवतो. एवढेच घडते. असा प्रेमभंग कोणाच्याही वाट्याला येतो. अशा वेळी बहुतेक मुले रडून-भेकून, चार दिवस न जेवता, आईच्या किंवा मोठ्या बहिणीच्या नाहीतर एखाद्या मास्तरांच्या आधाराने त्यातून बाहेर पडतात. त्या रात्री अँडीपाशी यांतले कोणीही नाही. मित्र आहेत, पण त्यांच्यावर त्याच दिवसांत काय काय कोसळले आहे ते पाहा: डेरिकला टोळक्याने मारहाण करून रुग्णालयात धाडले आहे, त्याची आणि स्टीव्हनची जोडी तुटली आहे, टॉमीला घर राहिलेले नाही. सहा जणांनी मिळून जे कुटुंब उभे केले, त्यातला प्रत्येक जण स्वतःच बुडत असताना दुसऱ्याला हात देणार तरी कसा? मला हा चित्रपट मृत्यूकडे नेणारा वाटत नाही. आधाराच्या जागा एकामागून एक कशा गळून पडतात, त्याची तो नोंद ठेवतो.

इथे मराठी प्रेक्षकाची एक गफलत होते, ती चर्चेत मी वारंवार पाहिली आहे. आपल्याकडे ज्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते, ते प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी बाजूला केले. त्यामुळे आपण अशा कथेत पोलीस आणि कायदा शोधतो. कॅलिफोर्नियात प्रौढांचे संमतीचे संबंध 1976 पासूनच गुन्हा राहिले नव्हते. टॉमीला हाकलणाऱ्यांच्या पाठीशी कोणतेही कलम नव्हते. अर्थात राज्य तटस्थ होते असेही नाही: 1991 मध्ये नोकरीत समलिंगी व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई करणारे विधेयक राज्यपाल पीट विल्सन यांनी नाकारले, तेव्हा लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर दिवसेंदिवस निदर्शने झाली. आणि या सगळ्यावर एड्सचे सावट होते. 1992 साली अमेरिकेत 25 ते 44 वयोगटातील पुरुषांच्या मृत्यूचे पहिले कारण एचआयव्ही हे होते, आणि परिणामकारक संयुक्त औषधोपचार हाती यायला 1996 उजाडावे लागले. या चित्रपटातली मुले सत्तरच्या दशकाच्या मध्यात जन्मलेली. शरीराची ओढ म्हणजे काय हे कळण्याच्या वयात त्यांना तिच्यासोबत मरणाची बातमीही कळली. ही मुले अकाली थकल्यासारखी का बोलतात, याचे उत्तर त्या सालांत आहे.

याच सुमारास, 1992 मध्ये, समीक्षक बी. रुबी रिच यांनी ‘न्यू क्विअर सिनेमा’ ही संज्ञा रूढ केली. समलिंगी माणसे सभ्य, निरुपद्रवी, सहानुभूतीस पात्र दाखवण्याची जबाबदारी नाकारणारे चित्रपट, असा तिचा ढोबळ अर्थ. अराकी त्या गटातले. आपल्याकडेही फार मागे नव्हते: रियाद वाडिया यांचा ‘बॉमगे’ हा लघुपट मुंबईत 1996 साली झाला, आर. राज राव यांच्या कवितांवर आधारलेला, आणि तोही तुकड्यांतुकड्यांचाच. या जवळिकीचा अभ्यास कोणीतरी नेटाने करायला हवा.

चित्रपट काळोखा आहे एवढेच सांगून थांबलो तर त्याच्यावर अन्याय होईल, म्हणून एका दृश्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मिशेल आणि पॅट्रिशियाला मूल हवे आहे. त्या चार मित्रांना जमवतात आणि वीर्य मागतात. चौघांचे एका वाडग्यात एकत्र करायचे. ऐकताना हे अचकटविचकट वाटेल, आणि मुलेही हसत-खिदळतच आहेत. पण त्या वाडग्यामागचा विचार पाहा. बाप कोण हे कोणालाच कळू नये, म्हणजे मूल सगळ्यांचे होईल. ज्यांना जन्मदात्यांनी झिडकारले, ती मुले पुढच्या पिढीसाठी घर बांधायला निघाली आहेत, आणि तेही खेळता खेळता. दृश्याला भावुक संगीत नाही, कोणी त्याचा अर्थ बोलून दाखवत नाही. मी हा प्रसंग विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा सुरुवातीला हशा येतो आणि मग तो हळूहळू ओसरतो, दर वेळी साधारण एकाच ठिकाणी.

याच दृश्यावरून मला चित्रपटातली सर्वांत मोठी उणीवही दिसते. मिशेल आणि पॅट्रिशिया यांना स्वतःचे असे कथानक जवळजवळ हेच. मुलग्यांना प्रेम, फसवणूक, मारहाण, बेघरपण, सारे काही दिले आहे. मुली मात्र स्थिर, शहाण्या, आधार देणाऱ्या. त्यांच्या मनात काय चालले असेल, घरी त्यांना काय ऐकावे लागले असेल, याकडे कॅमेरा फारसा वळत नाही. सहा जणांचा चित्रपट म्हणवणाऱ्या कृतीत ही कसर मला दर वेळी खटकते.

ज्यांना हा चित्रपट आपल्या फिल्म क्लबात दाखवायचा आहे, त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. प्रेक्षक प्रौढच असावेत, आणि आत्महत्येचे दृश्य आहे हे प्रयोगापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे, म्हणजे कोणाला उठून जायचे असेल तर संकोच वाटणार नाही. चर्चेत त्या कृतीचा तपशील चघळू नये. त्या रात्री अँडी कोणाला फोन करू शकला असता, यावर बोलावे. आपल्याकडे मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ची 14416 ही सरकारी दूरध्वनी सेवा चोवीस तास विनामूल्य चालते, तो क्रमांक शेवटच्या पाटीनंतर पडद्यावर ठेवावा. मी तो ठेवतो, आणि दिवे लागल्यावर दोघे-तिघे तरी मोबाइलमध्ये तो उतरवून घेताना दिसतात. कोणासाठी, हे विचारायचे नसते.

प्रत मिळवताना 2024 मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी वितरण कंपनीने पुनरुज्जीवित करून काढलेली आवृत्ती शोधावी. तीत अराकी यांचे पुढचे दोन चित्रपट, ‘द डूम जनरेशन’ (1995) आणि ‘नोव्हेअर’ (1997), हेही आहेत. तिन्हींची कथा सलग नाही. अँडीचे काम करणारा जेम्स दुव्हाल मात्र तिन्हींत आहे. स्वच्छ प्रतीतही व्हिडिओचे भाग भुरकटच दिसतील. प्रक्षेपकाची जुळवणी बदलायला जाऊ नये, ते तसेच आहेत.

अखेर एक अनुभव सांगतो, कारण मूळ प्रश्न संकलनाचा होता. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी अशाच विषयावरचा लघुपट रफ कटच्या, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीच्या, अवस्थेत माझ्याकडे घेऊन आला. कॅमेऱ्यासमोर एक मुलगा घरच्यांविषयी बोलत होता, आणि बोलणे फार नेटके, धारदार वाटत होते. मी मूळ चित्रण मागितले. त्यात ‘आईला माहीत आहे’ या वाक्यानंतर तो मुलगा नऊ सेकंद गप्प होता, खाली पाहत, शर्टाच्या बाहीचा धागा ओढत. विद्यार्थ्याने ते नऊ सेकंद कापून पुढचे वाक्य जोडले होते, कारण ‘तिथे काही घडत नाही’. आम्ही दोघांनी मिळून ती नऊ सेकंदे परत बसवली. मग त्याने ती दृश्ये पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावली, आणि त्या जागी आल्यावर यंत्र थांबवून मला म्हणाला, “सर, मी कॅमेऱ्यामागेच होतो. मी त्याला काही विचारलंच नाही.”